दहाव्याचा कावळा

ठमाबाई रामकुंडावर फुलं विकायची, लताबाई शाळेत शिकवायची. इंदिरानगरच्या लताबाईच्या घरात दोघींनी कित्येक वर्षं संसार केला, पण दुनियेच्या लेखी ठमाबाई नुसती भाडेकरू. २००४ साली लताबाई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा तिचा भाऊ सावळीराम दारात आडवा आला. "नात्यातल्यांनाच आत सोडतात. तू कोण तिची?" लताबाई गेली तेव्हा ठमाबाई बाहेर जिन्यावर होती. त्याच दिवशी घराला नवं कुलूप लागलं.

दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. बाईचा जीव कशात तरी अडकलाय, म्हणून भावकी कुजबुजायला लागली. सावळीरामानं देवळाला देणगी कबूल केली, शाळेत बक्षीस कबूल केलं. शेवटी घामाघूम होऊन तो ठमाबाईच्या टोपलीशी आला. "तूच काहीतरी बोल बाई. सोडव आम्हाला."

"मी कोण तिची? आधी ते सांग. मोठ्यानं."

सगळ्या भावकीसमोर सावळीरामानं हात जोडले. "लताताई, तुम्हा दोघींचा संसार होता. मी तो मोडला. चुकलो."

तरी कावळा आला नाही. दर्भाचा कावळा करून विधी उरकला, पण सावळीरामाचा चेहरा पांढराफटक पडला तो पडलाच.

ठमाबाई हार ओवत राहिली. त्या दिवशी उजाडल्यापासून घाटावरच्या झाडून साऱ्या कावळ्यांना तिनं शेव-पाव पोटभर चारला होता. लता असती तर हसून लोळली असती. सावळीरामानं मात्र आता जन्मभर आभाळाकडं बघत बसावं.