नवाबाचा मळा

बाजारात कुणी मोहराची डहाळी घेऊन गेलं, की मुखेडच्या एसटीतली ती दुपार आठवते आणि जीव जागेवर राहत नाही. पणजोबांनी नवाबाकडून घेतलेल्या मळ्यातली आमराई रस्त्याकडेला फुललेली होती, आणि कंडक्टर दोरी ओढत ओरडला, "नवाबाचा मळा, उतरा." माझ्या शेजारी बसलेले वडील भडकले, "मळा आमचा हाय." तो म्हणाला, "हाव पाटील, पण लोकायला तसंच ठाऊक हाय." दुसऱ्याच दिवशी वडिलांनी फाटकावर आमच्या नावाची पाटी ठोकली, पण लोकांच्या तोंडचं नाव काही बदललं नाही. वडील गेल्यावर आम्ही भावांनी मळा विकला. परवा तिथूनच जाताना नवा कंडक्टर ओरडला, "पाटलाचा मळा." उतरायचं काहीच कारण उरलं नव्हतं, तरी मी उठून दारापर्यंत गेलो.