ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं

वर्धा जिल्ह्यात अन्यायाविरुद्ध आजवर जेवढा आवाज उठला, त्यातला निम्मा माझ्या आत्याच्या घशातून उठला आहे असं माझं ठाम मत आहे. उरलेला निम्मा तिनं इतरांना उठवायला लावला. सभेला भोंग्याची परवानगी नाकारली की बाकीचे कार्यकर्ते हवालदिल व्हायचे, आत्या मात्र खूश. समुद्रपूरच्या स्टँडवर ती बोलायला उभी राहिली की ड्रायव्हर सरळ इंजिन बंद करायचे. आदरानं करत असतील, नाहीतर कंडक्टरची घंटी ऐकू येत नसेल म्हणून. लग्न तिनं केलं नाही. कारण विचारलं की एकच उत्तर, "दुसऱ्याच्या घरी हळू बोलाव लागते."

तिच्याकडेच मी वाढले. खरं म्हणजे तिच्या पत्रकांवर वाढले. माझी बाराखडी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर झाली, शाळेचा डबा पत्रकात गुंडाळून गेला. 'आमची सहल' या निबंधाचा शेवट मी 'जागे व्हा!' असा केला म्हणून बाईंनी आत्याला बोलावून घेतलं. तिनं निबंध उभ्याउभ्या वाचला आणि बाईंनाच विचारलं, "मंग, यात चूक काय हाय?" पत्रक ती स्वतःच्या हातानं लिहायची आणि त्यातला कानामात्रा कोणाला हलवू द्यायची नाही. एकदा छापखानेवाल्यानं सभ्यपणा म्हणून वरती 'नम्र विनंती' असं घातलं. आत्या सगळा गठ्ठा घेऊन परत गेली. "आपन विनंती कधी केली होती?" तिचा हा प्रश्न मला अजूनही मोठा वाटतो. हक्काची विनंती करायची नसते, हे मी कुठल्याही पुस्तकाआधी त्या गठ्ठ्याकडून शिकले.

यंदा मात्र तिचा हात थरथरायला लागला. पेन धरलं की अक्षरं मुंग्यांसारखी कागदभर पांगायची. नेमकी तेव्हाच आमच्या गावची तालुक्याला जाणारी सकाळची बस बंद झाली आणि कॉलेजच्या पोरी घरी बसल्या. शेजारच्या काकूची नात त्यांतलीच. काकू म्हणजे आत्याच्या प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत बसून दर वाक्याला "हो ना वं बाई!" म्हणणारी बाई. नातीसाठी घरच्यांनी स्थळ बघायला सुरुवात केली होती, म्हणून आठवडी बाजाराच्या आत पत्रक निघायलाच हवं होतं. मी म्हटलं, "तू सांग, मी लिहिते." आत्यानं माझ्याकडे बघितलं. "तू सुधारशीन."

हे खरं होतं. मग मी मैत्रिणीकडून माइक आणला. आत्यानं बोलायचं आणि कॉम्प्युटरनं लिहायचं, असं ठरलं.

आत्यानं माइक उचलून खिडकीत ठेवला आणि स्वतः दारात जाऊन उभी राहिली. "अवं, लोकायच्या तोंडात तोंड घालून भाषन देते का कोनी?" बंधू-भगिनींपासून सुरुवात झाली. बोलताना ती उजव्या पब्लिककडे वळायची, मग डाव्या. पडद्यावर मधल्या पब्लिकच्या वाट्याचे तेवढे शब्द उमटले, बाकी पंख्याची घरघर. मी माइक टेबलावर आणून तिला जवळ बसवलं. तिनं थेट त्याच्या तोंडावर पहिली आरोळी ठोकली आणि कॉम्प्युटर काहीच लिहीना. "भेलं ते मले," आत्या समाधानानं म्हणाली. मी समजावलं, की माइक तोंडासमोर धरला तर त्यावर श्वासाचा फटकारा बसतो; तो ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांच्या अंतरावर, जरा बाजूला हवा. आत्या ताडकन उठली. "म्हंजे आडून बोलाचं? मी जन्मात कोनाच्या आडून नाई बोलली!"

शेवटी डोक्याला लावायचा माइक आणला. त्याची दांडी बरोबर दोन बोटांवर बसवली. आता समोर माणूस नाही म्हणून आत्याला शब्द फुटेना. काकूला बोलावलं. काकू पाटावर बसली, आत्या रंगात आली आणि पडद्यावर पत्रक उमटलं: बस बंद झाली हो ना वं बाई पोरी घरी बसल्या हो ना वं बाई. याहून जास्त लोकशाहीचं पत्रक मी पाहिलेलं नाही. तरीही काकूला मी नुसती मान हलवायला सांगितलं. काकू फुगली. "माह्या आवाजाचं काय वावडं हाय वं त्याले?"

दुपार कलली. आत्याचा घसा बसला होता. ती पाटाजवळ खाली बसली आणि म्हणाली, "राहू दे. होत नाई माह्याच्यानं. तूच लिही."

तिला हार मानताना मी पहिल्यांदा पाहत होते. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर भांडायला तयार असलेली मी कागद-पेन शोधायला लागले. काकूनंच हळूच विचारलं, "मंग आता माह्या नातीनं काय कराव वं बाई?"

आत्या तिच्याकडे सरकली. बसक्या आवाजात, काकूच्या गुडघ्यावर हात ठेवून, सांगत राहिली. पोरीले म्हना दप्तर खुंटीले टांगू नको. बस बंद झाली, तुहं शिकनं नाई. बसवाल्याच्या हापिसात आपन जाऊ, मी सोबत येतो, तुही आजी येते, तू मधात चाल. काकू या वेळी एकदाही 'हो' म्हणाली नाही. ती पदरानं डोळे पुसत होती. माइक दोन बोटांवर तसाच होता. मी पडद्याकडे पाहिलं. चार-दोन शब्द सोडले तर सगळं उतरलं होतं.

ते चार-दोन शब्द आत्यानं सांगितले तसे नीट केले. बाकी 'पोरीले'चं 'पोरीला'सुद्धा केलं नाही. बाजारात पत्रक वाटलं. एरवी आमच्या पत्रकांत भजी जायची. हे पत्रक बायांनी कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि घडी करून कमरेला खोचलं. ऑफिसात गेलो तेव्हा व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. बस सुरू झाली. काकूची नात खिडकीत बसून जाते आणि काकू उगाचच ड्रायव्हरला दटावते.

आत्या आता रोज माइक लावून बसते आणि दोन बोटांवर हळू बोलते. पत्रकं सुंदर होतात, घर मात्र फार शांत झालंय. बाईची तब्येत बरी आहे ना, असं गल्लीतले लोक मला विचारतात. म्हणून कधीकधी, काही काम नसताना, मी मैत्रिणीचा तो पहिला माइक खिडकीत नेऊन ठेवते. आत्या सगळं ओळखते. तरी उठते, दारात उभी राहते, घसा खाकरते आणि पब्लिककडे वळून एकच वाक्य पूर्ण आवाजात टाकते. पूर्वी तो आवाज स्टँडभर घुमायचा. आता जेमतेम भिंतीपलीकडे पोचतो.

भिंतीपलीकडून लगेच येतं, "हो ना वं बाई!"