एक वीट वर

बाबाराव गेल्याचं वहिनींनी फळीपलीकडूनच सांगितलं. पहाटे हाक आली, "भाऊजी, लवकर या... हे उठूनच नाही राहिले." आमच्या दोन व्हरांड्यांना जोडणारी सागाची एक फळी आहे. तिच्यावरून चहा, रमीचे पत्ते आणि भांडणं ये-जा करत. माणसाला मात्र पायऱ्याच. त्या पहाटे मी सगळ्या उतरलो आणि पुन्हा तेवढ्याच चढलो.

या पायऱ्या म्हणजे आमचीच करणी. तरुणपणी धरमपेठेच्या पुढे आम्ही शेजारी-शेजारी प्लॉट घेतले. जोत्याची उंची रस्त्यापासून धरतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मिस्त्रीने "साहेब, लेव्हल कुठून धरू?" असं विचारताच बाबारावाने माझ्या जोत्याकडे बोट दाखवलं. "याच्यापासून. एक वीट वर. पावसाचं पाणी याच्या घरात गेलं पाहिजे." मी तरी कशाला ऐकतो! दुसऱ्या दिवशी मी माझं जोतं त्याच्याहून एक वीट वर नेलं. मग त्याने, मग मी... मिस्त्री दोघांचा एकच, त्याची रोजी चालू होती, तो कशाला बोलतो? अखेर वहिनी गेरू घेऊन आल्या. मिस्त्रीला लेव्हलची पाण्याची नळी धरायला लावून त्यांनी दोन्ही जोत्यांवर एकच रेघ ओढली. "याच्यावर एक वीट गेली तं मी चालली कामठीले, माहेरी. घरात शिराले काय शिडी लावता?"

पुढे गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून फळी आली. बाबाराव रोज संध्याकाळी तिच्यावर गोटी ठेवायचा. गोटी घरंगळत माझ्याकडे यायची. "पाहून राहिला ना गा? तू खाली, मी वर!" मी चिडून मिस्त्रीला शिव्या घालायचो.

तेरावं झाल्यावर वहिनींनी व्हरांडा धुवायला फळी उचलली आणि हसत हसत तिथेच बसल्या. त्यांच्या बाजूला फळीखाली आमच्या पत्त्यांच्या कॅटमधला कधीचा हरवलेला बदामाचा गुलाम होता, चार घड्या घातलेला. फळी पुन्हा टेकवून मी गोटी ठेवली. ती हलली नाही. "मी तं तवाच एक रेघ मारली होती, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं. मलाही आलं. एवढा लबाड माणूस, आणि त्याच्यावाचून संध्याकाळ जाता जात नाही.

गुलाम मी होता तिथेच परत सरकवला आहे. रोज गोटी ठेवतो. ती घरंगळत माझ्याकडे येते, आणि मी मिस्त्रीला शिवी घालतो.