दोन मुलं, एक जानेवारी

‘ही मुलं जुळी आहेत का? असल्यास पुरावा द्यावा. नसल्यास खुलासा करावा.’ इमिग्रेशनच्या पत्रातल्या या तीन वाक्यांकडे मी चहा गार होईपर्यंत बघत बसले होते.

मी तेव्हा हॅमिल्टनमधल्या एका छोट्या लॉ सेंटरमध्ये केसवर्कर होते. फुकट कायदेशीर मदत देणारं ऑफिस. पुण्याची एलएलबी इथे वकिली करायला चालत नाही, फॉर्म भरायला चालते. पत्र ज्या केसचं होतं तिची क्लायंट म्हणजे फादुमा. मूळची सोमालियाची, इथे ‘ते रापा’ नावाच्या उपनगरात एका वेअरहाउसमध्ये क्लीनर. नवरा लढाईत गेला, पळापळीत मुलांपासून ताटातूट झाली, आणि केनियातल्या कॅम्पमधून ती एकटीच रेफ्युजी म्हणून न्यूझीलंडला आली. मुलगा अब्दी आणि मुलगी हिबो मोगादिशूत आजीजवळ अडकलेले. २००७ साल होतं. तिथे घरांवर तोफगोळे पडत होते.

नियम असा, की रेफ्युजीने अगदी पहिल्या मुलाखतीत नवरा-बायको-मुलं म्हणून जी नावं सांगितली असतील, त्यांनाच नंतर बोलावता येतं. याला ‘डिक्लेअर्ड फॅमिली’ म्हणतात. फादुमाने दोन्ही नावं सांगितली होती. अर्ज मीच भरला. दोघांची जन्मतारीख एक जानेवारी, सालही एकच. आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही.

कसं वाटणार? माझे बाबा, मोठे काका आणि आत्या, तिघांचाही वाढदिवस एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली, ती पेन्शनपर्यंत चिकटली. आमच्याकडे याला कोणी खोटं म्हणत नाही. तारीख म्हणजे काय, रकाना भरायला लागते ती. फादुमाच्या मुलांची तारीख कॅम्पमधल्या क्लार्कने अशीच टाकली असणार, हे मी न विचारताच धरून चालले. माझी चूक ती हीच.

फादुमाला बोलावलं. जुळी आहेत का? नाही, म्हणाली. अब्दी मोठा. हिबो घरात आली तेव्हा तो रांगत होता. चला, सुटलो! क्लार्कने तारीख अंदाजाने टाकली, असं खुलाशाचं पत्र मी लिहून टाकलं आणि सहीसाठी जॅनपुढे ठेवलं. जॅन आमची सॉलिसिटर, माझी बॉस. तिने पेन उचललं आणि खाली ठेवलं. म्हणाली, खरं अंतर किती आहे तेवढं लिही, मग स्वीट ॲज, म्हणजे झक्कास.

तेवढंच तर हवं होतं. पण फादुमाकडे महिने नव्हते, पाऊस होते. अब्दी मोठ्या पावसाच्या तोंडावरचा, हिबो त्याच वर्षीच्या छोट्या पावसातली. सोमालियातले हे दोन पावसाळे कधी येतात ते मी इंटरनेटवर शोधलं. बोटांवर मोजलं, कागदावर मोजलं, कॅलेंडर काढून मोजलं. दर वेळी उत्तर सहा महिने. एका बाईला सहा महिन्यांच्या अंतराने दोन मुलं? माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. मग वाटलं, साल चुकलं असेल. विचारलं तर ती ठाम. मग वाटलं, फोनवरचा दुभाष्याच घोळ घालतोय. तो बिचारा दुखावला.

शेवटी मी फोन बंद केला आणि तिच्याच मोडक्या इंग्रजीत विचारलं, “फादुमा, हिबो तुझ्या पोटची आहे ना?”

“पोटची भावाच्या बायकोची,” ती शांतपणे म्हणाली. “हिबो चाळीस दिवसांची होती. भाऊ, वहिनी, दोघं एकाच दिवशी गेले. मला अब्दीचं दूध होतं. दोघांना मीच अंगावर पाजलं. मग ती कोणाची?”

तिच्या लेखी तो प्रश्नच नव्हता. जिचं दूध, तिची मुलगी. तिच्या धर्मातही दुधाचं नातं मानतात, हे मला नंतर कळलं. पहिल्या मुलाखतीत ती खोटं बोललीच नव्हती. पण इमिग्रेशनच्या भाषेत हिबो भाची होती, आणि भाची डिक्लेअर्ड फॅमिलीत बसत नाही.

खरं सांगते, क्षणभर माझ्या मनात आलं, जुळी म्हणून टाकावं. दोन शब्दांचं काम. जॅनला तसं म्हटलं, तर तिने सरळ नाही म्हटलं. उद्या त्यांनी रक्ताची टेस्ट मागितली तर खोटी माहिती म्हणून अब्दीचाही अर्ज गेला असता. मी ते फादुमाला समजावलं. ती ओढणीचं टोक चिमटत ऐकत होती.

“भाची लिहिलंस तर अब्दी येईल आणि ती तिथे राहील,” ती म्हणाली. “तिला फोनवर ते तू सांगशील?”

मला रडू आलं, क्लायंटसमोर, जे करायचं नसतं.

आम्ही खरं तेच लिहिलं. चाळीस दिवस, दूध, सगळं. तिच्या गावच्या दोन बायकांची प्रतिज्ञापत्रं जोडली. सांभाळलेलं मूल हे घरातलंच मूल, असा मुद्दा जॅनने चार पानं मांडला. हे पहिल्याच दिवशी विचारून जोडलं असतं, तर फाइल तिथून सुरू झाली असती. आता ती मागे जाऊन पुन्हा रांगेत लागली. निकालाला अकरा महिने लागले. मधे एक गोळा आजीच्या घराशेजारी पडला.

दोघंही आले. दोघंही! ऑकलंडच्या एअरपोर्टवर फादुमाने आधी हिबोला जवळ घेतलं. मी अब्दीला डावीकडून हाक मारली, त्याने वळून बघितलं नाही. त्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही.

शाळेत नाव घालायला मीही गेले होते. ऑफिसमधल्या बाईंनी फॉर्म वाचला आणि कौतुकाने विचारलं, “अय्या, ट्विन्स का?”

फादुमाने माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाईंकडे.

“हो,” ती म्हणाली.

मी ते दुरुस्त करायला गेले नाही. तो फॉर्म माझा नव्हता. माझ्या फॉर्मवर मात्र मी आता तारखेच्या रकान्याशी थांबून प्रत्येकाला विचारते, ही कोणी लिहिली.