प्रफुल्लचं 'खाजण'

ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या जुन्या आगरी वस्तीतला प्रफुल्ल लग्नांच्या हळदीत कीबोर्ड वाजवायचा. पाठीमागे माणसापेक्षा उंच स्पीकर, समोर नाचणारे पाहुणे आणि त्यांना हवी तीच गाणी, असंच त्याचं तरुणपण गेलं. पण घरी आला की सिंथेसायझर लावून तो स्वतःच्या चाली बांधत बसे. शब्द नाहीत, गाणारं कोणी नाही. नुसते लांबत जाणारे सूर. त्याचे वडील दामाजी मिठागरात राबलेले. भरतीचं पाणी वाफ्यांत पसरतं तसं काहीतरी करायचंय, असं तो बायकोला, निशिगंधाला सांगायचा.

चाळिशी उलटल्यावर पहिला अल्बम पुरा झाला. नाव ठेवलं 'खाजण', भरतीचं पाणी शिरतं त्या खाडीकाठच्या जमिनीचं. मिक्सिंगही त्याने एकट्यानेच केलं. दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागू द्यायचा नव्हता. अल्बम इंटरनेटवर आला त्या दिवशी त्याने अख्ख्या आळीला पेढे वाटले.

मग लोकांचं लिहून येऊ लागलं. चाली सुंदर आहेत, पण मागे सतत बारीक शिट्टी वाजते, डोकं दुखतं. प्रफुल्लला शिट्टी कुठेच सापडेना. लोक जळतात, म्हणत त्याने आधी सोडून दिलं. शेवटी निशिगंधाच्या कानाला हेडफोन लावला.

"हाय," ती हळूच म्हणाली. "पयल्यापासून हाय. मना वाटला, तुमी मुद्दाम ठेवलीय."

कल्याणच्या डॉक्टरांनी कान तपासले. वरचे बारीक सूर त्याला ऐकूच येत नव्हते. स्पीकरपुढे काढलेल्या वर्षांनी ते नेले होते. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले.

तरी दुरुस्तीला तो हट्टाने स्वतःच बसला. नॉब फिरवायचा आणि विचारायचा, "आता?" निशिगंधा मान हलवायची. शिट्टी गेली, पण सोबत चालीतला उजेडही गेला. हे त्याला कसं सांगावं, तिला कळेना.

अखेर तिच्या चेहऱ्यावरून ओळखून त्याने ते काम डोंबिवलीच्या देवेशकडे सोपवलं. देवेश साउंड रेकॉर्डिस्ट, जुना मित्र. त्याने मूळ अल्बममधून शिट्टी तेवढी काढली आणि जुनं आणि नवं, दोन्ही ऐकवलं. प्रफुल्लने डोळे मिटून ऐकलं. त्याला दोन्ही सारखंच वाटलं. छान झालंय, एवढंच तो बोलला.

नवं 'खाजण' लोकांना आवडलं. एका बाईंनी लिहिलं, वरचे ते नाजूक सूर ऐकून डोळे भरून आले. प्रफुल्लने ते दोनदा वाचलं.

"कसे हायत गो ते सूर?" त्याने निशिगंधाला विचारलं. "जरा गुणगुणून दाखव."

तिने प्रयत्न केला. तिचा आवाज तेवढा वर जाईना.