तीन बांगडे खाणारं मांजर

आमच्या शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या बाई वजाबाकीच्या तासाला फळ्यावर मांजर काढतात. त्याच्या एका बाजूला ‘आत’ लिहितात, दुसऱ्या बाजूला ‘भायर’. मांजराची त्या दिवसाची भूक ठरली की खालच्या प्रत्येक ओळीत ते तेवढेच बांगडे खातं.

“नऊ बांगडे आत गेले, सहा भायर इले. मग तीन खंय गेले?” बाई इतक्या काळजीने विचारतात, जणू त्यांच्याच घरचे हरवलेत.

“मांजरान खाल्ल्यान,” पोरं एका सुरात ओरडतात.

भिंतीपलीकडे मला हे सगळं ऐकू येतं. वीस वर्षं मी शुद्ध मराठीत वजाबाकी शिकवतोय. माझ्या वर्गात कुणी कधी ओरडलं नाही.

बाई मुलांची चूक स्वतः पुसत नाहीत. एकदा मांजराची भूक तीनची असताना एका मुलीने चार आत, सहा बाहेर लिहिलेले मी दारातून पाहिले. पदराला खडू पुसत बाई म्हणाल्या, “आज मांजरान आपले दोन बांगडे आणून ठेवल्यान काय गो?” मुलगी हसली आणि तिनेच सहा पुसून एक लिहिला. त्या हसण्याचा मला राग आला.

गेल्या आठवड्यात बाई रजेवर होत्या, म्हणून त्यांचा वर्ग मी घेतला. मीही मांजर काढलं, त्यांच्यापेक्षा सुबक, मिशांसकट. ‘आत’खाली आठ लिहिले.

तीच मुलगी म्हणाली, “गुरुजी, आज मांजराक भूक किती आसा?”

“भूक राहू दे. तीन वजा करा.”

सगळ्यांनी मुकाट्याने पाच लिहिले. एकाचंही चुकलं नाही. मांजराकडे मात्र पुन्हा कुणी पाहिलं नाही.