दौंडच्या वखारीत आक्का बोलली

शिरूरच्या बिडी कारखान्यात आम्ही दोघी बहिणी शेजारी शेजारी बसायचो. माझं लग्न व्हायचं होतं. आक्काला लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी मुलगी झाली होती, आणि बाळंतपण सरताच ती तिला घेऊन कामावर परत आली होती.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं न् तंबाखू, आणि दिवसभर मान खाली. वाऱ्यानं तंबाखू उडतो म्हणून मुकादम खिडक्या उघडू देत नसे. सगळ्याजणी खोकायच्या. तान्ही मुलं मागं भिंतीकडेला पोत्यावर निजवलेली असायची. लेकरू रडलं आणि आई उठली की मुकादम तिच्या वाटची पानं दुसरीला देऊन टाकायचा. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तिला दारातूनच परत पाठवायचा.

म्हणून लेकरं रडतच नसत. सकाळी येताना आया त्यांना अफूची गोळी चाटवत. मोहरीच्या दाण्याएवढी गोळी, बोटावर दुधात विरघळवलेली. कुणी कुणाला विचारत नसे, कुणी सांगत नसे. आक्का ती पदराच्या गाठीत बांधून आणायची.

दाजी त्याच कंपनीच्या दौंडच्या वखारीत हमाल होते. रेल्वेनं आलेल्या पानांच्या गोण्या तिथं उतरायच्या. ते तिकडंच राहायचे आणि सुट्टीला शिरूरला यायचे. आल्याबरोबर हातपाय धुऊन मुलीला खांद्यावर टाकायचे आणि घोडनदीच्या काठानं फिरवून आणायचे. "लय गुणाची हाय माझी बाय, कधी किरकिर न्हाई," असं आमच्या आईला कौतुकानं सांगायचे.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत आक्का मुलीला पाजायला मागं गेली आणि तिथंच बसून राहिली. मी जवळ गेले तर तिनं मुलीला पदराखाली घेतलं होतं. म्हणाली, "वढीना गं ही." मी मुलीच्या गालाला हात लावला. गाल गार पडला होता.

घरात सगळ्यांना सांगितलं की फेफरं आलं. दाजी दौंडहून आले, मुलीला मातीत ठेवून आले आणि भिंतीला टेकून बसले. आक्का त्यांच्यासमोर रडलीसुद्धा नाही. कारखान्यातल्या बायकांना खरं काय ते ठाऊक होतं. पण प्रत्येकीच्या पदराला तीच गाठ होती.

त्या महिन्यात मशिदीजवळचे शिंपीचाचा आमच्या दारात आले. त्यांची बायकोही आमच्यातच बसायची, खोकून खोकून अर्धी झाली होती. चाचा आईला म्हणाले, "वैनी, वकिलाला विचारून आलोय. इतक्या बाया कामाला असल्या तर पोरांसाठी निराळी खोली न् सांभाळायला बाई मालकानं द्यायची, असं कायद्यात हाय. आमच्या मशिदीच्या जमातीची माणसं येत्यात. तुमचं भजनी मंडळ येईल का?"

भजनी मंडळातल्या बायका आल्या, तालमीतले लोकही आले. पोरांसाठी खोली आणि उघड्या खिडक्या, एवढंच मागायचं ठरलं. मुकादम म्हणाला, माझ्या हातात काही नाही, शेठला सांगा. शेठ पुण्याला. पण पानांनी भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी आल्या की ते स्वतः दौंडला येतात, हे आक्काला दाजींमुळं माहीत होतं. वाघिणी लागल्याचा निरोप आला तशी आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. न्हावरं गेलं, उसाचे मळे गेले, आणि आक्का खिडकीबाहेर बघत होती.

वखारीसमोर शेठ खुर्ची टाकून बसले होते. माणूस उर्मट नव्हता. चाचांना त्यांनी बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं. मग हसून म्हणाले, "अहो, मी स्वतः येऊन पाहिलंय. आमच्या शेडमधली मुलं किती शांत झोपतात! घरी तरी अशी झोपतात का? तिथं कुठल्या मुलाला काही झालंय? असं एक मूल दाखवा, मी उद्या खोली बांधतो."

चाचांनी आमच्याकडं पाहिलं. बायकांनी माना खाली घातल्या. मागं दाजी पाठीवर गोणी घेऊन फळीवरून उतरत होते. आम्हाला बघून ते थांबले होते.

आक्का पुढं झाली.

"माझी पोरगी," ती म्हणाली. "शांत झोपली व्हती. उठलीच न्हाई. मी तिला अफू द्यायचे. रोज द्यायचे. त्या दिवशी सकाळीच किरकिरत व्हती म्हणून जास्त दिली."

मग मागून एक बाई म्हणाली, "मीबी देते." चाचांची बायको म्हणाली, "मीबी दिलीया." मग सगळ्याच. शेठ उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "बांधतो," एवढंच ते म्हणाले.

दाजींनी गोणी खाली ठेवली आणि आक्कासमोर आले. "मला का न्हाई सांगितलंस?"

"काय सांगू? तुमी तिला खांद्यावर घ्यायचा तवा ती गुंगीतच असायची. तुमाला वाटायचं, पोरगी गुणाची हाय."

दाजी ओरडले असते, हात उगारला असता तरी तिला सोसवलं असतं. त्यांनी तसलं काहीच केलं नाही. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, परत पुसलं, आणि गोणी उचलून आत गेले. एसटी सुटेपर्यंत बाहेर आले नाहीत.

खोली झाली. पत्र्याचीच, पण खिडक्यांची. वर आढ्याला झोळ्या, सांभाळायला एक म्हातारी, लेकराला पाजायला दोनदा सुट्टी. पहिल्या दिवशी त्या खोलीतून इतकी रडारड ऐकू आली की बायका हातातली कामं टाकून हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. आक्का बिड्या वळत राहिली. पोरं सांभाळायचं काम म्हातारीच्या आधी चाचांनी तिला घ्यायला सुचवलं होतं. ती म्हणाली, "चाचा, माझ्या हातात लेकरू देऊ नका."

दाजी पुढच्या सुट्टीला आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. ते त्यांच्या गावी निमोण्याला आल्याचं कळलं तशी आई तिथं जाऊन पाया पडून आली. दाजी तिला म्हणाले, "मामी, माझा राग न्हाई तिच्यावर. पण तिच्याकडं बघितलं की मला पोरगी दिसती, मी काय करू?" पुढं त्यांनी दुसरं लग्न केलं. ते कळलं तेव्हा आक्का भाकरी थापत होती. "बरं झालं," म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

खोलीही फार वर्षं टिकली नाही. कंपनीनं शेड बंद केली आणि पानं-तंबाखू घरोघर वाटायला सुरुवात केली. घरी बसून काम, मग खोलीचा प्रश्नच नाही. चाचा शेठकडं पुण्याला जाऊन आले, पण या वेळी त्यांना पायरीवरूनच परत पाठवलं. खोलीत तंबाखूची पोती आली.

आणि घरोघरची लेकरं दुपारची शांत झोपायला लागली.

आक्का तेव्हापासून दुपारी हातातलं काम ठेवून गल्लीत फिरायची. न विचारता घरात शिरायची, झोळीत वाकून लेकराच्या तळपायाला चिमटा काढायची. रडलं की पुढच्या घरी. बायका तिला शिव्या द्यायच्या. काही जणी तिला येताना बघून दार लावून घ्यायच्या. काही मुलं मात्र चिमटा काढूनही हलत नसत. मग ती तिथंच बसून त्यांच्या पायाला, कपाळाला पाणी लावत राही, डोळे उघडेपर्यंत. मूल मात्र कधी उचलत नसे.

माझं लग्न गावातच झालं होतं. मलाही मुलगी झाली. मी तिला कधी काही दिलं नव्हतं, आक्काला ते माहीत होतं. तरीही एका दुपारी ती आली, झोळीत वाकली, आणि माझी गाढ झोपलेली पोर किंचाळून उठली. मी सूप बाजूला सारून तिला घ्यायला धावले.

आक्कानं माझा हात धरला. "थांब," ती म्हणाली. "रडू दे गं जरा."

आणि झोळीची दोरी धरून ती ऐकत उभी राहिली.